वल्ह्याला लावलेला कान

“मग नेमका कुठला आवाज कमी पडतोय, बाबा?”

ऋजुताने टॅब्लेट हरेश्वर तांडेलांपुढे धरला. दिवस कलला होता आणि खाडीच्या तोंडाशी दोघांचीच होडी होती.

पडद्यावरच्या तिच्या समुद्रकथेत बोट लावावं तिथे आवाज होता. लाटेला लावलं की लाट फुटे, शिडाला लावलं की वारा सुटे. बेचाळीस आवाज, सगळे तिने स्वतः टिपलेले, आणि त्याचा तिला कोण तोरा! तरी चाचणीसाठी वाचणारे तिसऱ्या पानावरूनच काढता पाय घेत होते. चार वर्षं खपून केलेली कथा परवा सगळ्यांसमोर यायची होती. म्हणून महिनाभर ती या म्हाताऱ्या कोळ्याकडे दर्या ऐकायला शिकत होती. त्यांनी आजवर तिला नुसती जाळी उकलायला लावली होती.

तांडेलांनी बोट लावलं. लाट फुटली. वर लावलं. पक्षी ओरडला.

“लई गुणाचा हाय गो तुझा दर्या. हात लावला का बोलतो.”

ऋजुता खुलली. वेडी, तिला ती शाबासकी वाटली.

तांडेलांनी इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दांड्याला कान लावायची खूण केली. खाली ढोमा मासळी आहे की नाही, हे ते असंच तिच्या आवाजावरून ओळखत.

“काहीच नाही.”

तांडेलांनी वल्हं तसंच धरून ठेवलं.

“बाबा, खरंच काही...”

“गप.”

बराच वेळ गेला. मग लाकडातून आलं. गुर्र... गुर्र... एक, मग दहा, मग मोजता येईनात. तिच्या अंगावर काटा आला.

हा तर त्रेचाळिसावा! तिने घाईघाईने पिशवीतून पाण्यात चालणारा माईक काढला आणि खाली सोडला. डुबुक.

वल्हं मुकं झालं.

“पळाले?”

“हायत तिथंच.”

“मग बोलत का नाहीत?”

तांडेलांनी तिच्या हातातल्या माईकच्या वायरीकडे पाहिलं.

ऋजुताला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने पडद्यावरच्या लाटेवर बोट दाबून धरलं. लाट फुटत राहिली.

“पण माझा वाचक हात लावणारच ना, बाबा! त्यासाठीच तर कथा त्याच्या हातात दिलीय. लावूनही आवाज आला नाही, तर खाली काही आहे हे त्याला कळणार कसं?”

तांडेलांनी तिचं मनगट धरलं, बोट काचेवरून अलगद उचललं आणि तसंच वर धरून ठेवलं. लाट थांबली.

“हात उचलला का बोलू दे. कथा इथनं सुरू कर, पोरी.”