खिचडी खाऊन झाली की येते

नदीकाठच्या एका गावात कापड रंगवणारी एक बाई राहत होती. तिची मुलगी तानू अडीच वर्षांची, सतत आईच्या मागेमागे. अंगणात रंगाची मोठी कढई उकळत असायची. एकदा तानू धावता धावता त्या कढईपाशीच अडखळून पडली. थोडक्यात वाचली.

"बालवाडीत घालू तिला," नवरा म्हणाला.

"एवढीशी पोर! आईवाचून राहील का?" शेजारीण म्हणाली.

आईला दोघांचंही पटत होतं. रात्रभर विचार करून शेवटी ती तानूला बालवाडीत घेऊन गेली. तानू खेळण्यात गुंगलेली पाहून ती हळूच सटकली. थोड्या वेळाने पोरीने मागे वळून पाहिलं, तर आई नाही! रडून रडून तिचा आवाज बसला. घरी आल्यावरही ती आईला नजरेआड होऊ देईना. झोपेतसुद्धा पदर मुठीत धरून ठेवी.

"नाही पाठवायची आता," आईने ठरवलं.

मग बालवाडीच्या बाई घरी आल्या. आईने सगळं सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"तुमचं काळीज मला कळतं," बाई म्हणाल्या. "पण ती बालवाडीला घाबरली नाही. आई न सांगता नाहीशी होते, याला घाबरली. थोडे दिवस सोबत बसा. मग सांगून निघा आणि सांगाल तेव्हा या. तरीही नाही रमली, तर खुशाल घरी ठेवा."

आई तसं करू लागली. तानू थोडी रुळल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "तानू, मी घरी जाते. तुझी खिचडी खाऊन झाली की येते."

तानूने आईचा पदर धरला. "नक्की?"

"नक्की."

त्या दिवशी कढईत पाटलांच्या घरच्या लग्नाचं कापड होतं. रंग चढायला लागला आणि नेमकी खिचडीची वेळ झाली. आता कापड सोडून गेलं, तर डाग पडणार.

"जाशील सावकाश," शेजारीण म्हणाली. "लेकराला काय कळतंय?"

आई क्षणभर घुटमळली. मग तिने चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि तशीच रंगाच्या हातांनी धावत सुटली.

कापडावर डाग पडलेच. पाटलीणबाई रागावल्या. सगळं कापड पुन्हा रंगवावं लागलं.

पण आई बालवाडीच्या दारात पोहोचली, तेव्हा तानू तोंडाला खिचडी माखून वाळूचं घर करत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं.

"आली माझी आई!" तिने सगळ्यांना सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "थांब जरा. माझं घर व्हायचंय अजून."

आई हसत पायरीवर बसून राहिली.

तात्पर्य: लेकराला दूर ठेवायचं की जवळ, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण जाताना सांगून जावं आणि दिलेला शब्द पाळावा. त्या भरवशावरच लेकरू आईचा हात सोडायला शिकतं.