घोंगडीतला उजेड

"उद्या दरबारात लाकूड चमकलं नाही, तर तुला रान बंद!" राजा सर्जेरावांनी बजावलं आणि पिलाजी लाकूडतोड्या पडल्या तोंडानं घरी आला. रान बंद म्हणजे चूल बंद.

लेक हौसा भाकरी थापत होती. "कुठलं लाकूड, बाबा?"

"पावसात राजे शिकारीला आले, तेव्हा त्यांनी अंधारात कुजका ओंडका हिरवा चमकताना पाहिला. मी तो वाड्यावर पोचवला. आता चमकत नाही, तर म्हणतात मीच बदलला."

"वाड्यावर त्याचं काय केलं?"

"शिकेकाईनं न्हाऊ घातलं, तेल चोळलं, उन्हात वाळवून शालीत ठेवलं."

"जावई आहे का तो? चमक लाकडावरच्या बुरशीची असते. ओल गेली की ती मेली."

हौसानं रानातून तसलाच ओंडका आणला, ओल्या पाल्यात गुंडाळला आणि बापाची काळी घोंगडी खांद्यावर टाकून दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

भर दुपार. दारं सताड उघडी, वर समया पेटलेल्या. दिवाणजींनी नाकाला उपरणं लावलं.

"कुठाय चमक?" राजानं विचारलं.

"अंधार करा, दिसेल."

"समया विझवायच्या नाहीत, ही आमच्या पणजोबांची रीत. दारं लावायची नाहीत, ही आजोबांची. इथंच, या उजेडात दाखव. नाहीतर बापाला म्हणावं, कोयता खाली ठेव."

हौसानं घोंगडी झटकली. "समया राहू द्या, दारं राहू द्या. घोंगडी पांघरायची नाही, अशी कुठल्या आजोबांची रीत आहे का?"

राजानं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी खूप आठवून पाहिलं. नव्हती.

"मग ओंडका मांडीवर घ्या, महाराज." तिनं घोंगडी दुहेरी करून राजाच्या डोक्यावरून टाकली.

"वास येतोय!" आतून आवाज आला.

"बकऱ्यांचा आहे. जरा वेळ डोळे मिटा, मग उघडा."

जरा वेळानं आतून हळूच, "अरे, हिरवागार! माझी बोटं दिसतायत." जरा थांबून, "पण पोरी, समईपुढं हा असा मुका का होतो?"

"तुमच्यापुढं दिवाणजी होतात तसाच. ते घरी गेले की ऐका त्यांना."

घोंगडी गदागदा हलायला लागली. राजाला हसू आवरेना. आतूनच हुकूम सुटला: पिलाजीला रान कायमचं मोकळं, हौसाला चांदीचे तोडे आणि एक नवी घोंगडी.

जुनी मात्र राजा काही केल्या सोडेना.