बिनजकातीचे कापड

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो; आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. एकीकडे कापूस पिके, दुसरीकडे मंजिष्ठेचा लाल रंग मिळे. पण दोघांत पिढ्यानपिढ्यांचे वैर. लढाई जुंपली की व्यापाराच्या वाटा बंद पडत.

त्याला समुद्राकाठचा राजा कंटाळला होता. त्याची बाजारपेठ मोठी, पण वेशीवरची जकात जबर. त्याने दवंडी पिटवली, "एका तीराने विणलेले आणि दुसऱ्या तीराने रंगवलेले कापड माझ्या वेशीतून बिनजकात जाईल. एकट्याच्या मालाला पुरी जकात."

मग नदीकाठच्या माळावर दोन्ही तीरांच्या लोकांचा मिळून एक कारखाना उभा राहिला. कोष्टीण येसाक्का तिथे पोटासाठी आली. तिचा नवरा लढाईत पडला होता. पलीकडच्या हैबती रंगाऱ्याचा भाऊ त्याच लढाईत गेला होता. दोघे कामापुरते बोलत. कुणाचे भांडे पडले तरी सगळ्यांचे हात कोयत्यांकडे जात. कापडाच्या गाड्या जाऊ लागल्या, घरांवर कौले चढली, तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

एके दुपारी दोन्ही तीरांवर धूळ उठली. गुरे पळवल्यावरून भांडण पेटले होते, फौजा निघाल्या होत्या. कारखान्यात पळापळ झाली.

येसाक्काही धावली. दारात वळून पाहते तो हैबती उकळत्या कढईपाशी उभा, काठीने कापड फिरवतो आहे.

"अरे, पळ की!"

"कसा पळू, अक्का? हात थांबला तर डाग पडतील. तुम्ही विणलेलं सगळं वाया जाईल."

येसाक्का घुटमळली. मग ती परत आली आणि तिने दुसरी काठी उचलली. ते पाहून एकेक जण माघारी फिरला.

पलीकडची फौज नदी ओलांडून आली. फौजा समोरासमोर आल्या, तेव्हा मध्ये कारखाना होता. येसाक्काच्या राज्याचा सेनापती ओरडला, "आपली माणसं बाजूला व्हा!"

"कोणत्या बाजूला होऊ, सरदार?" येसाक्का काठी फिरवता फिरवता म्हणाली. "तिकडं माझं घर आहे, इकडं ते घर चालवणारं काम. हे जाळलंत, तर तिथली चूल विझेल."

शिपायांनी पाहिले. त्या गर्दीत कुणाची बहीण होती, कुणाचा बाप. धनुष्ये खाली आली. पलीकडच्या फौजेतही तेच झाले.

गुरांचे भांडण पंचांनी मिटवले. येसाक्का नवऱ्याला विसरली नाही. घोड्यांच्या टापा ऐकून ती दचकतच राहिली. पण त्या माळावर पुन्हा रण पेटले नाही. कारखान्याभोवती मोठी पेठ वसली.

तात्पर्य : ज्या चुलीवर दोघांची भाकरी भाजते, ती चूल दोघेही जपतात.