राखेचा घास

एका राज्यात एक राजा होता, राजाची राणी होती कनकप्रभा. राज्यात सूर्य वेळेवर उगवे, नद्या भरून वाहत, चेटके आपापल्या गुहांत मुकाट बसत. उणं होतं ते एकच. राणीची कूस उजवली नव्हती. नवस झाले, सायास झाले, वैद्यांचे कडू काढे झाले. पाळणा काही हलला नाही.

प्रधानाच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. राणी गेली, दिवसभर हसली, घरी येऊन रडली. सेनापतीच्या लेकीचं आलं. राणी गेली नाही, घरीच बसून रडली. लोकांच्या तोंडाला काय, दोन्हीकडून काम. गेली तर म्हणाले दृष्ट लावायला आली, नाही गेली तर म्हणाले पोटात दुखतंय.

मग धाकटी जाऊ तरंगिणी हिला दिवस गेले, आणि राजवाड्याचा जुना शाप जागा झाला. पूर्वी एक चेटकीण या घरच्या डोहाळजेवणाला ओटी घेऊन आली होती. तिला मूल नव्हतं, म्हणून बायकांनी गर्भारशीला पदराआड लपवलं आणि हिला दारातूनच परतवलं. चेटकीण म्हणाली, "माझा घास नको, तर कुणाचाच गोड लागणार नाही." त्यानंतर या घरात कुणाला दिवस गेले नव्हते; आता गर्भारशीच्या तोंडी पडेल त्याची राख होऊ लागली. तरंगिणीला चिंचा दिल्या, राख. श्रीखंड दिलं, राख. पोर वाळत चालली.

एके सकाळी राणीच्या खिडकीत एक सारिका, म्हणजे मैना, येऊन बसली आणि माणसासारखी बोलू लागली.

"जो हात नाकारला, तसल्याच हातानं शाप उतरेल. हात निपुत्रिकेचा हवा, बोल खरा हवा. घास तीन, चौथा नाही. जायचं की नाही, ते तू ठरव."

एवढं बोलून उडून गेली. पाखरूच ते, सांगून मोकळं झालं.

राणीला तरंगिणीच्या डोहाळजेवणाला जावंसं वाटत नव्हतं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा नुसता आठवला तरी तिला भरून येई. न जाण्याचा तिला हक्क होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिकडे पोर उपाशी होती. राणी उठली.

तरंगिणीच्या दालनाच्या दारात राजमाता उभी होती. "सूनबाई, निपुत्रिकेनं गर्भारशीला घास द्यायची रीत नाही."

"त्या रीतीनंच ती उपाशी आहे, सासूबाई. मला वाट द्या."

राजमातेनं वाट दिली.

राणीनं पुरणपोळीचा घास केला. "तरंगिणी, आज मला आनंदाशिवाय दुसरं काही नाही." घासाची राख झाली. दुसरा केला. "मला आता कशाचंच काही वाटत नाही." त्याचीही राख झाली. बायका कुजबुजू लागल्या. राणीनं हात मागे घेतला नाही. अशी बाई मी तरी दुसरी ऐकली नाही.

तिसरा घास तिनं ओठांशी नेला. "तुझं पोट पाहिलं की मी जळते. हे माझं का नाही, असं वाटतं. आणि तू जगावीस, तुझं बाळ सुखरूप यावं, असंही मला मनापासून वाटतं. दोन्ही खरं आहे."

तरंगिणी हळूहळू चावू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ताईसाहेब, वेलची जास्त पडलीय," ती म्हणाली, आणि तिनं आणखी पोळी मागितली.

शाप उतरला. यथाकाल बाळ झालं, गावभर साखर वाटली. राणीची कूस मात्र उजवली नाही, खोटं कशाला सांगू? पण राज्यातली रीत बदलली. बोलावणं घेऊन येणारी म्हणू लागली, "राणीसाहेब, यावंसं वाटलं तर या." कधी राणी जाई, आणि पहिला घास तिच्याच हातचा असे. कधी म्हणे, "आज मला सोसणार नाही." मग तिचं ताट राजवाड्यावर येई, आणि तिच्यामागे कुणी चकार शब्द काढत नसे. तिच्या मनाला जसा उतार पडला, तसा ऐकणाऱ्यांच्याही मनाला पडो.