सातव्या तोंडाची जागा

“पण बाबा, सात डोक्यांतलं ठरवतं कोणतं?”

रावजीबाबांनी मान वर केली नाही. चिंचोक्याच्या खळीत भिजवलेला कागद ते राक्षसाच्या गालावर चिकटवत होते.

“काय ठरवायचं?”

“कुठं वळायचं, कधी थांबायचं... एक तरी मुख्य असणारच.”

“परदेशात मेंदूचं शास्त्र शिकून आलास आणि मला विचारतोस?” बाबा हसले. “गेल्या साली तर तूच आम्हाला शिकवत होतास.”



गेल्या साली जत्रेतलं सातमुख्याचं सोंग जयवंतनंच बसवलं होतं. एका लांबलचक घोंगडीखाली सात माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर एक मुखवटा. आत कुणी बोलायचं नाही, पुढच्याच्या कमरेचा शेला धरून चालायचं, ही जुनी रीत. जयवंतला ती अडाणीपणाची वाटली. तो स्वतः पहिल्या मुखवट्याखाली उभा राहिला. त्यानं एक म्हटलं की डावीकडं, दोन म्हटलं की उजवीकडं. शेले सोडायला लावले. आणि सातव्या जागेवरच्या लहानूकाकाला काढून टाकलं. ठार बहिरा माणूस. त्याला हुकूम ऐकू येणार कसा?

देवीच्या दारात सातमुख्या कोसळला. आकडा सातही जणांना ऐकू आला होता. पण कुणाचा पाय पुढं पडला, कुणाचा मागं...

लहानूकाका पुन्हा तालमीला फिरकला नाही. पौषात गेला.

“मी त्यांच्याकडं जाणार होतो, बाबा. दोनदा घरातून निघालोही.”

“मग?”

“वाटलं, ऐकू न येणाऱ्या माणसाची माफी मागायची तरी कशी...”

बाबांचा अंगठा ओल्या कागदावरून फिरत राहिला.

“चाळीस वर्षं तो शेवटी होता. संबळ त्याला कधी ऐकूच आला नाही. हातातला शेला ओढला गेला, की मग पाय उचलायचा. दर खेपेला उशिरा.”

“तरी सोंग पडलं कसं नाही?”

“मागून ओढ बसली, की पुढचा थांबायचा. मग त्याच्या पुढचा. असे सगळेच.”



दुपार कलली. अंगणात संबळ वाजू लागला. गडी आले, सहा मुखवटे उचलले गेले. सातव्याला कुणी हात लावला नाही. तो लावायला माणूस मिळाला नाही, तर यंदा सोंग निघणार नाही, असं बाबांनी सकाळीच गावाला सांगून टाकलं होतं.

“मला द्याल?” जयवंतनं विचारलं. “पहिली जागा नको. ती.”

सहाही जण बाबांकडं बघत राहिले.

बाबांनी हात पुसले. उशीतला कापूस ओढून दोन बोळे वळले. एक जयवंतच्या डाव्या कानात घट्ट बसवला. अर्धा संबळ विझला.

दुसरा बोळा बाबांच्या चिमटीत होता.

“बाबा, मला जमायचं नाही. मी मागं राहीन.”

बाबा त्याच्या उजव्या कानाशी वाकले.

“राहा. आम्हाला थांबायची सवय आहे.”