बेहड्याची ढोली

झाडं बिऱ्हाडकरू ठेवत, त्या काळातली गोष्ट. बेहड्याच्या खोडात एक ऐसपैस ढोली होती. आत कोणी नुसती काडी खोचली तरी बेहड्याची झोप उडायची.

एकदा धनेश पक्ष्याची मादी तिथे राहायला आली आणि दाराला चिखल लिंपू लागली.

"अगं, हे काय चालवलंयस? ढोली जशी दिली तशीच परत हवी मला."

"काका, अंडी घालायच्या वेळी आम्ही दार लिंपूनच आत बसतो. फट तेवढी ठेवतो, धनी तिथून घास भरवतो. पिलं मोठी झाली की लिंपण फोडून जाऊ."

"डाग राहील."

ती समोरच्या जांभळीच्या ढोलीत राहायला गेली.

बेहड्याला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. पावसाळ्यात उघड्या दारातून पाणी आत शिरलं आणि खोड आतून मऊ पडू लागलं. साध्या झुळुकेनेही तो दचकायचा. समोर जांभळीच्या लिंपलेल्या दारामागे पिलं कलकलत होती.

पुढच्या वर्षी धनेशाची नवी जोडी जागा शोधत आली. ती काही विचारायच्या आतच बेहडा घाईघाईने म्हणाला, "चिखल ओढ्याकाठचा आणा. तो चांगला धरतो."