गिधाडाकडची उमेदवारी

जनावरांनाही पोरांच्या नोकरीची काळजी असे, त्या काळची ही गोष्ट. काजळ्या नावाचा कावळा अर्थशास्त्र शिकला आणि गिधाडाच्या पेढीत उमेदवारीला गेला. दुष्काळाचा अंदाज गिधाडाइतका अचूक कोणाचाच नसे. ते कधी हसत नसे, हेही जंगलात विद्वत्तेचे लक्षण समजले जाई.

"या कळपातलं आधी कोण पडेल?" गिधाडाने उंच सुळक्यावरून विचारले.

काजळ्याने खाली निरखून पाहिले. "ती पांढुरकी हरिणी, साहेब. तिचा एक पाय थरथरतोय. पण टेकडीमागचं पाणी तिला दाखवलं, तर वाचेल."

"अंदाज विचारला होता, उपाय नाही. नोकरी हवी ना?"

काजळ्या सुळक्यावरच बसून राहिला. संध्याकाळी हरिणी पडली. त्याला नोकरी मिळाली आणि पहिला घासही.

उन्हाळा सरल्यावर तो घरी आला. साऱ्या कावळ्यांनी त्याचे कौतुक केले. म्हातारी आई घरट्याच्या काठावर बसली होती. तिचा एक पंख थरथरत होता.

"ये रे बाळा, जवळ बस."

"बसतो," काजळ्या म्हणाला. तिच्याकडे बराच वेळ पाहत तो नकळत वरच्या फांदीवर जाऊन बसला.

आईने मान वर केली. मग थरथरणारा पंख तिने हळूच पोटाखाली लपवला.